मधुमेहाचे दुसरे टोक शोधणारे डॉ. उसाय

१९२१ साली इन्सुलिनचा शोध लागला आणि रक्तातील साखरेचा सारा कारभार स्वादुपिंडाच्या हाती असल्याची समजूत दृढ झाली. हा कारभार एकट्या स्वादुपिंडाचा नाही, हे प्रयोगांनी सिद्ध केले ते अर्जेंटिनाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ डॉ. बेर्नार्दो उसाय यांनी.

उसाय यांचा जन्म १० एप्रिल १८८७ रोजी ब्यूनस आयर्स येथे, फ्रान्सहून आलेल्या कुटुंबात झाला. चौदाव्या वर्षी त्यांनी औषधनिर्माणशास्त्राच्या अभ्यासाला प्रारंभ केला. १९११ मध्ये ते डॉक्टर झाले आणि १९१९ मध्ये विद्यापीठात प्राध्यापक.

स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला तीव्र मधुमेह होतो, हे तेव्हा ठाऊक होते. उसाय यांनी अशा प्राण्यांची मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथीही काढली, तेव्हा मधुमेह आश्चर्यकारकरीत्या सौम्य झाला. उलट या ग्रंथीच्या पुढील भागाचा अर्क टोचला असता निरोगी कुत्र्यांनाही मधुमेह जडला. म्हणजे इन्सुलिन साखर उतरवते, तर पीयूषिका तिला विरोध करते.

या विरोधाचा एक मार्ग मेदातून जातो, हे पुढे उमगले. पीयूषिकेतील वाढीचे संप्रेरक साठलेल्या चरबीतून मेदाम्ले रक्तात सोडते. स्नायू ती जाळू लागले की ग्लुकोजचा वापर मंदावतो. मेदाम्ले आणि ग्लुकोज यांच्यातील ही चढाओढ ब्रिटनमधील फिलिप रँडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये सविस्तर मांडली.

संशोधन ऐन बहरात असताना संकट कोसळले. १९४३ मध्ये लोकशाहीची मागणी करणाऱ्या जाहीरनाम्यावर स्वाक्षरी केल्याबद्दल लष्करी सरकारने उसाय यांना विद्यापीठातून काढून टाकले. परदेशांतून निमंत्रणे आली. पण त्यांनी मायदेश सोडला नाही. खासगी देणग्यांच्या आधारे त्यांनी सहकाऱ्यांसह १९४४ मध्ये स्वतंत्र संशोधन संस्था उभारली.

१९४७ मध्ये कार्ल व गर्टी कोरी या दांपत्यासह त्यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. विज्ञानातील नोबेल मिळवणारे ते पहिले लॅटिन अमेरिकी. विद्यापीठाचे दार मात्र त्यांच्यासाठी पुन्हा उघडले ते पेरॉन यांची सत्ता गेल्यावर, १९५५ मध्ये. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचे ते पहिले अध्यक्ष झाले.

त्यांचे शिष्य लुईस लेलुआर यांना १९७० मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, ते पाहायला गुरू हयात होते. पुढच्याच वर्षी, २१ सप्टेंबर १९७१ रोजी उसाय यांचे ब्यूनस आयर्स येथेच निधन झाले.