विनोबांचे उपवास आणि फिटचा आहार

फिट येणाऱ्या मुलाला उपास घडवावा का, असे पालक विचारतात तेव्हा मला विनोबा भावे आठवतात. पेण तालुक्यातील गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी ते जन्मले. पोटाच्या अल्सरमुळे भूदान पदयात्रेत त्यांचा आहार मुख्यतः दूध-दही, सोबत मध. १९५२ मध्ये चांडिलला मलेरिया झाला. आधी नाकारलेले औषध त्यांनी शेवटी घेतले, बरे झाले. १९८२ मध्ये पवनारला मात्र अन्न-औषध सोडले आणि १५ नोव्हेंबरला ते गेले.

उपवासात यकृत चरबीपासून कीटोन बनवते. उपाशी न राहता तीच स्थिती यावी म्हणून १९२१ मध्ये अमेरिकेत डॉ. रसेल वाइल्डर यांनी अपस्मारासाठी भरपूर स्निग्ध, अत्यल्प पिष्टमय असा कीटोजेनिक आहार सुचवला. त्यात मध बसत नाही. औषधांनी न थांबणाऱ्या फिटसाठी तो आजही देतात, डॉक्टर व आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली. गोळ्या परस्पर बंद करून नव्हे.