डॉक्टर जॉन स्नो

इंग्लंडातील यॉर्क शहरी एका गरीब मजुराच्या घरी ता. १५ मार्च १८१३ रोजी जॉन स्नो यांचा जन्म झाला. नऊ भावंडांत ते थोरले. चौदाव्या वर्षी ते न्यूकॅसल येथे एका शस्त्रवैद्याकडे उमेदवारीस राहिले. तेथील खाणकामगारांत पटकीची साथ आली, तेव्हा तिचे भीषण स्वरूप त्यांनी जवळून पाहिले. पुढे लंडनास ते नामांकित डॉक्टर झाले. १८५३ साली व्हिक्टोरिया राणीस प्रसूतिसमयी क्लोरोफॉर्म त्यांनीच दिला.

पटकी दुर्गंधयुक्त हवेने होते, असे त्या काळी बहुतेक विद्वान मानीत. रोगाचे विष पाण्यावाटे पोटात जाते, असे मत स्नो यांनी १८४९ साली प्रसिद्ध केले. परंतु ते फारसे कोणास पटले नाही.

१८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात पटकीचा कहर झाला. दहा दिवसांत पाचशेंहून अधिक माणसे दगावली. स्नो घरोघर फिरले. बहुतेक मृत ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचे पाणी पीत असत, असे त्यांस आढळले. जवळच्याच गरीबखान्यात स्वतंत्र विहीर होती. तेथील पाचशेंवर रहिवाशांपैकी केवळ पाच दगावले. तथापि पंपाचे पाणी तपासता त्यात दोष असा फारसा दिसेना. तरीही ता. ७ सप्टेंबर रोजी त्यांनी पॅरिशच्या पंचांपुढे जाऊन आपले म्हणणे मांडले. पंच साशंक होते. परंतु दुसऱ्या दिवशी त्यांनी पंपाचा दांडा काढविला.

हा निर्णय योग्य होता काय? पंप निर्दोष ठरता, तर लोकांस चार पावले अधिक चालावे लागते, इतकेच. दोषी असून चालू राहता, तर आणखी किती प्राण जाते!

साथ तोवर ओसरू लागली होती, हे स्नो यांनीही प्रांजळपणे कबूल केले. परंतु तेथील तरुण धर्मोपदेशक रेव्हरंड हेन्री व्हाइटहेड हे स्नो यांचे मत खोडावयास निघाले आणि शोधाअंती त्यांचेच साहाय्यक झाले. विहिरीलगतच्या घरातील एका आजारी बालकाची घाण मोरीच्या खड्ड्यातून विहिरीत झिरपली होती. दांडा निघाला त्याच दिवशी त्या बालकाचा पिता पटकीने अंथरुणास खिळला. पंप चालू असता, तर पाण्यात पुन्हा विष कालवले गेले असते!

ता. १६ जून १८५८ रोजी, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी, स्नो निवर्तले. १८८४ साली डॉ. कॉख यांनी कलकत्त्यास पटकीचा जंतू निश्चित केला. तो विजय पाहावयास स्नो नव्हते.

बालमित्रहो, संपूर्ण पुरावा हाती येईपर्यंत शेजाऱ्याचा जीव धोक्यात ठेवणे हे शहाणपण नव्हे. सत्याचा शोध धीराने करावा. परंतु संकट टाळण्यास विलंब करू नये, हाच बोध आपण या चरित्रापासून घेऊ या.