विश्लेषण : बिघडलेल्या मॉडेलने जेम्स वॉटना काय शिकवले?

ग्लासगो विद्यापीठात उपकरणे बनवणाऱ्या जेम्स वॉट यांच्याकडे १७६३ च्या हिवाळ्यात न्यूकोमेनच्या वाफेच्या इंजिनाचे छोटे मॉडेल दुरुस्तीला आले. दुरुस्तीनंतरही ते थोड्याच फेऱ्यांत बंद पडे, कारण वाफच पुरत नसे.

असे का व्हायचे?
वाफेचे पाणी करण्यासाठी सिलिंडरमध्येच थंड पाणी सोडत. दर वेळी गार झालेला सिलिंडर पुन्हा तापवण्यात बरीच वाफ वाया जाई. वाफ वेगळ्या भांड्यात गार करायची, हा उपाय वॉटना १७६५ मध्ये सुचला.

मग अडले कुठे?
पेटंट १७६९ मध्ये मिळाले, पण सिलिंडर अचूक गोल बनत नसल्याने दट्ट्याच्या कडेने वाफ गळे. अखेर जॉन विल्किन्सनच्या यंत्राने तसा सिलिंडर कोरून दिला आणि १७७६ मध्ये इंजिने कामाला लागली.

निवृत्तीनंतरही वॉट घराच्या माळ्यावरील कार्यशाळेत रमत. १८१९ मध्ये ते गेले. ती कार्यशाळा आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.