जॉर्ज सिम्पसन

सर जॉर्ज क्लार्क सिम्पसन (२ सप्टेंबर १८७८ – १ जानेवारी १९६५) हे ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ होते. गडगडाटी ढगातील विद्युत् भारांची मांडणी उलगडण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्यांचा जन्म डर्बी येथे झाला. मँचेस्टर व गटिंगेन येथील शिक्षणानंतर १९०६ मध्ये ते भारतीय हवामान खात्यात सिमला येथे रुजू झाले.

सिमल्यात त्यांनी पावसाचे पाणी भांड्यात धरून त्यावरील विद्युत् भार मोजला. वादळी पावसात ऋण भारापेक्षा धन भारच अधिक आढळला. प्रयोगशाळेत हवेच्या झोताने पाण्याचे थेंब फोडले असता थेंबांवर धन भार येतो आणि हवा ऋण भार घेऊन जाते, हेही त्यांनी दाखविले. यावरून ढगाचा तळ धन आणि माथा ऋण असला पाहिजे, असा सिद्धांत त्यांनी १९०९ मध्ये मांडला.

१९१०–१२ या काळात ते स्कॉट यांच्या अंटार्क्टिका मोहिमेत होते. १९२० मध्ये ते ब्रिटनच्या हवामान कार्यालयाचे संचालक झाले. त्याच सुमारास सी. टी. आर. विल्सन यांनी जमिनीवरील विद्युत् क्षेत्र मोजून नेमका उलटा निष्कर्ष काढला : माथा धन, तळ ऋण. हा वाद अनेक वर्षे चालला. दोघांचीही मोजमापे जमिनीवरूनच केलेली असल्याने तो मिटणे कठीण होते.

अखेर सिम्पसन यांनीच ढगात उपकरण पाठविण्याचे ठरविले. एफ. जे. स्क्रेस यांच्यासह त्यांनी क्यू वेधशाळेतून फुगे सोडले. फुग्याखालील उपकरणात रासायनिक द्रव्य लावलेला कागद असे. ढगातील विद्युत् क्षेत्रामुळे कागदातून प्रवाह वाहे आणि त्याच्या धन टोकाशी निळा डाग उमटे. उपकरण खाली पडून सापडले, की त्या डागांवरून कोणत्या उंचीवर क्षेत्राची दिशा काय होती ते कळे. इतक्या साध्या साधनाने एवढा जुना वाद सुटावा, हे विलक्षणच.

१९३७ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सिम्पसन यांच्या मूळ सिद्धांताविरुद्ध गेले. माथ्यावर धन व त्याखाली ऋण भार आढळला. म्हणजे विल्सन यांचे म्हणणे खरे ठरले. वरचे भार गोठणबिंदूच्या बऱ्याच खालच्या तापमानात होते. तेथे थेंब फुटण्याचे कारण लागू पडत नसल्याने सिम्पसन यांनी हिमस्फटिकांच्या टकरींचे कारण स्वीकारले. मात्र अनेक ढगांच्या तळाशी, जोरदार पावसाच्या जागी, धन भाराचा एक लहान पट्टाही सापडला. सिमल्याच्या पावसातील धन भाराशी तो जुळणारा होता. ही त्रिस्तरीय मांडणी आजही गडगडाटी ढगाच्या वर्णनाचा पाया मानली जाते.

१९३८ मध्ये निवृत्त झाल्यावरही ते क्यू येथे काम करीत राहिले, जी. डी. रॉबिन्सन यांच्यासह केलेली पुढील निरीक्षणे १९४१ मध्ये प्रसिद्ध झाली.