लू शुन : आईच्या आडनावाने अजरामर झालेला लेखक

आधुनिक चिनी साहित्याचे जनक मानले जाणारे लू शुन यांची पुस्तके इंग्रजीतून शोधणारा वाचक हमखास गोंधळतो. जुन्या अनुवादांच्या मुखपृष्ठावर त्यांच्या नावातील दुसरा शब्द ‘एच, एस, यू, एन’ असा लिहिलेला असतो. नव्या अनुवादांवर तोच ‘एक्स, यू, एन’ असा दिसतो. लेखक मात्र एकच. शिवाय यांपैकी कोणतेही त्यांचे जन्मनाव नव्हे.

झेजियांग प्रांतातील शाओशिंग येथे 25 सप्टेंबर 1881 रोजी, चौ आडनावाच्या प्रतिष्ठित घराण्यात त्यांचा जन्म झाला. बालपणी मिळालेल्या एका नावाचा उच्चार चिनी भाषेत ‘छत्री’सारखा होत असल्याने सवंगडी चिडवत, म्हणून ते बदलावे लागले. पुढचे आघात मात्र चेष्टेपुरते राहिले नाहीत. 1893 मध्ये राजकीय परीक्षेतील लाचखोरीच्या प्रकरणात आजोबांना अटक झाली. पाठोपाठ वडील अंथरुणाला खिळले. घरातील वस्तू गहाण टाकून त्या पैशांतून औषधे आणण्याचे काम थोरला मुलगा म्हणून त्यांच्याकडे आले. 1896 मध्ये वडिलांचे निधन झाले.

1898 मध्ये ते नानजिंगच्या नौदल विद्यालयात दाखल झाले. विद्वानांच्या घराण्यातील मुलाचे खरे नाव सैनिकी शाळेच्या पटावर असणे तेथील एका वडीलधाऱ्या नातलगाला कमीपणाचे वाटले. त्यांनी मुलाचे नाव ‘शूरेन’ असे ठेवले. माणसे घडवणे, असा त्याचा आशय. चौ शूरेन हे नाव अशा रीतीने लोकलज्जेतून जन्मले आणि तेच त्यांचे अधिकृत नाव ठरले.

1902 मध्ये ते जपानला गेले आणि 1904 मध्ये सेंदाई येथे वैद्यकीय शिक्षण घेऊ लागले. तेथे वर्गात रशिया-जपान युद्धाची चित्रे पडद्यावर दाखवली जात. हेरगिरीच्या आरोपावरून एका चिनी माणसाला देहदंड दिला जात आहे आणि भोवती जमलेले त्याचे देशबांधव निर्विकारपणे पाहत आहेत, असे एक दृश्य त्यांच्या मनावर कोरले गेले. आपल्या समाजाचा आजार शरीराचा नसून मनाचा आहे, या निष्कर्षाप्रत ते आले. 1906 मध्ये वैद्यक सोडून त्यांनी साहित्याची वाट धरली.

मायदेशी परतल्यावर ते शिक्षण मंत्रालयात नोकरी करू लागले. मे 1918 मध्ये ‘नवतरुण’ या मासिकात ‘वेड्याची रोजनिशी’ ही त्यांची बोलभाषेतील कथा प्रसिद्ध झाली आणि ‘लू शुन’ ही स्वाक्षरी प्रथमच छापली गेली. ‘लू’ हे त्यांच्या आईचे माहेरचे आडनाव; ‘शुन’ हा शब्द त्यांच्या आधीच्या एका टोपणनावातून आला होता. ‘लू’ या अक्षरात मंदपणाची, तर ‘शुन’मध्ये वेगाची अर्थच्छटा आहे.

त्यांची सर्वांत गाजलेली कथा ‘आ क्यूची खरी कहाणी’ 1921-22 मध्ये बीजिंगच्या एका दैनिकाच्या पुरवणीतून क्रमशः आली, तीही ‘बा रेन’ या निराळ्या नावाने. या कथेचा आरंभच नायकाच्या नावाच्या शोधाने होतो. गावातील धनाढ्य कुटुंबाचे आडनाव सांगितल्याबद्दल आ क्यूला थप्पड बसते. आडनाव लावण्याचीही त्याची लायकी मानली जात नाही. त्याचे नाव कोणत्या चिनी अक्षरांत लिहावे हे निवेदकालाही ठाऊक नाही. अखेर तो इंग्रजीतील ‘क्यू’ या अक्षरावर भागवतो. चिनी लिपीत जागा नसलेल्या या गरिबाला परक्या वर्णमालेतील एक अक्षर मिळते.

1926 मध्ये या कथेचा इंग्रजी अनुवाद शांघायमधून प्रसिद्ध झाला. त्या काळी वेड आणि जाइल्स या ब्रिटिश अभ्यासकांची लिप्यंतर पद्धत रूढ होती. तिच्यानुसार ‘शुन’ची सुरुवात ‘एच-एस’ने होई. पन्नाशीच्या दशकात यांग श्यान्यी व ग्लॅडिस यांग या दांपत्याने केलेले अनुवादही त्याच स्पेलिंगने बाहेर पडले. 1958 मध्ये चीनने ‘पिनयिन’ पद्धत स्वीकारली आणि 1979 पासून परभाषिक प्रकाशनांत ती लागू केली. तेव्हापासून ‘एक्स’ आला. इंग्रजी वाचक त्याचा उच्चार अनेकदा ‘क्स’ किंवा ‘झ’ असा करतात. मूळ ध्वनी मात्र ‘श’च्या जवळचा आहे.

चिनी लिपी सामान्यांना शिक्षणापासून दूर ठेवते, असे लू शुन यांचे ठाम मत होते. म्हणूनच तिसाव्या दशकात त्यांनी चिनी भाषा रोमन लिपीत लिहिण्याच्या चळवळीला पाठिंबा दिला. रोमन अक्षरांचा पुरस्कार करणाऱ्या या लेखकाचे स्वतःचे नावच त्या लिपीत अनेक रूपे घेत राहिले.

शांघायमधील अखेरच्या वर्षांत टोपणनावे ही त्यांची ढाल बनली. 1931 मध्ये रौ शी या तरुण लेखकमित्राला सरकारने गोळ्या घातल्या. सेन्सॉरची कात्री चुकवण्यासाठी लू शुन सतत नवनव्या नावांनी वृत्तपत्रांत लिहीत राहिले. आयुष्यभरात त्यांनी वापरलेल्या टोपणनावांची संख्या शंभराहून अधिक भरते.

19 ऑक्टोबर 1936 रोजी क्षयाने जर्जर झालेल्या लू शुन यांचे शांघायमध्ये निधन झाले. त्यांच्या शवपेटीवर ‘राष्ट्राचा आत्मा’ अशी अक्षरे असलेले वस्त्र पांघरण्यात आले होते. घराण्याचे आडनाव त्यांच्या दोघा भावांनी पुढे चालवले. जगाच्या ग्रंथालयांत मात्र, स्पेलिंग कोणतेही असो, त्यांच्या नावाचा आरंभ आईच्या आडनावानेच होतो.