दमेकरी पोरगं ते व्यायामाचा उस्ताद : जोसेफ पिलाटीस यांची गोष्ट

मोबाईलवर हल्ली पिलाटीस नावाचा व्यायाम सारखा दिसतो. कुणी चटईवर झोपून पाय वर धरलेले असतात, कुणी स्प्रिंगा लावलेल्या सरकत्या पलंगावर हातपाय ताणत असतं. बऱ्याच जणांना वाटतं ही एखादी कंपनी असावी. पण पिलाटीस हे एका माणसाचं आडनाव आहे.

जोसेफ पिलाटीस यांचा जन्म ९ डिसेंबर १८८३ चा, जर्मनीतल्या म्योन्शनग्लाडबाख गावचा. वडील कसरतपटू, पण पोरगं मात्र आजारी. दमा, मुडदूस, त्यात सांधेज्वर. असं पोरगं आपल्याकडं असतं तर घरच्यांनी खेळायलासुद्धा सोडलं नसतं. जोसेफनं उलटं केलं. शरीर कसं चालतं ते वाचायचं आणि स्वतःवर करून बघायचं. कसरत, बॉक्सिंग, सगळं केलं आणि अंग असं कमावलं की ओळखू येईना.

पहिल्या महायुद्धाच्या आधी ते इंग्लंडला गेले. १९१४ ला युद्ध पेटलं आणि जर्मन माणूस म्हणून इंग्रजांनी त्यांना नजरकैदेत टाकलं. पुढं आयल ऑफ मॅन या बेटावरच्या नॉकालोच्या छावणीत नेलं. तिथं वीस हजारांवर कैदी. काम नाही, बायकापोरं लांब, युद्ध कधी संपेल याचा पत्ता नाही. अशा जागी माणूस आधी डोक्यानं खचतो, मग अंगानं. जोसेफ तिथं स्वतः व्यायाम करायचे आणि बरोबरच्या कैद्यांनाही करायला लावायचे. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी त्यांनी खाटेलाच स्प्रिंगा बांधल्या, असं सांगतात.

त्यांच्या पद्धतीचं मर्म त्यांनी स्वतः ठेवलेल्या नावात आहे. त्यांनी कधी पिलाटीस म्हटलं नाही, ते म्हणायचे कॉन्ट्रोलॉजी, म्हणजे ताब्याचं शास्त्र. स्नायूंवर मनाचा ताबा पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. शंभर वेळा कसंतरी करण्यापेक्षा पाच वेळा नीट करा, पण करताना ध्यान तिथंच पाहिजे.

आता हे कसं, ते एका साध्या प्रकारावरून बघा. उताणं झोपायचं, हात डोक्याच्या मागं. मग हळूहळू उठून बसायचं, पण पाठ एकदम उचलायची नाही. आधी मान, मग एकेक मणका जमिनीवरून सुटला पाहिजे आणि परत जाताना तसाच एकेक टेकला पाहिजे. झटका दिला तर कुणीही उठतं, कारण तेव्हा काम वेग करतो. सावकाश उठायला लागलं की पोटाचे स्नायू थरथरतात आणि कुठला ढिला आहे ते लगेच कळतं. लक्ष जरा हललं की पाठ धपकन पडते. श्वासाचंही तसंच. आत घेण्याइतकाच पूर्ण बाहेर सोडण्यावर त्यांचा जोर. हंड्रेड नावाच्या प्रकारात पाच मोजेपर्यंत श्वास घ्यायचा, पाच मोजेपर्यंत सोडायचा आणि सोबत हात वरखाली मारत राहायचे. असं दहा वेळा केलं की शंभर होतात.

आपण म्हणतो शेतकऱ्याला वेगळा व्यायाम कशाला. पण फवारणीचा पंप पाठीवर घेताना आपलं लक्ष पिकाकडं असतं, कंबरेकडं कुणाचं असतं? (ज्यांची कंबर आधीच धरली आहे त्यांनी मात्र हे वाचून लगेच चटई टाकू नये, आधी डॉक्टरला विचारावं.)

१९२६ ला जोसेफ अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कला एट्थ अॅव्हेन्यूवर त्यांनी जोडीदार क्लारा यांच्यासोबत व्यायामशाळा काढली. आसपास नाचाच्या शाळा होत्या, त्यामुळं पाय मुरगळलेले, पाठ धरलेले नर्तक तिथं यायला लागले. जॉर्ज बॅलनशीनसारखा बॅलेतला मोठा माणूसही त्यांच्याकडं यायचा. नर्तकाचं पोट अंगावर चालतं, त्यामुळं त्यांना गुण आला की गावभर कळायचं. स्प्रिंगांवर सरकणारं रिफॉर्मर हे यंत्रही जोसेफ यांचंच.

१९४५ ला आलेल्या पुस्तकात त्यांनी चटईवरचे ३४ प्रकार फोटोसह दिले. फोटोत स्वतःच, तेही साठी ओलांडलेली, फक्त चड्डीवर. सिगार ओढायची सवय मात्र होती, दमा काढलेल्या माणसाला हे कसं सुचलं कोण जाणे. डॉक्टर मंडळींनी आपली पद्धत उचलून धरावी ही इच्छा काही त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही.

९ ऑक्टोबर १९६७ ला, ८३ व्या वर्षी ते गेले. क्लारा यांनी शाळा पुढं चालवली आणि शिष्यांनी ठिकठिकाणी स्वतःच्या काढल्या. नंतर पिलाटीस हे नाव कुणी वापरायचं यावरून अमेरिकेत कोर्टकचेरी झाली. २००० साली कोर्टानं सांगितलं की योग किंवा कराटे यासारखंच हे व्यायामाचं नाव आहे, एकट्याच्या मालकीचं नाही. तेव्हापासून कुणीही पाटी लावू शकतो. कॉन्ट्रोलॉजी अशी पाटी मात्र क्वचितच दिसते.