चौथे शिवाजी महाराज आणि माझी सही



आजचं वाचन ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाचं. मन आवरत नाही ही अर्जुनाची तक्रार देव खोडून काढत नाही. आधी ती मान्य करतो आणि मग अभ्यासाचं सांगतो. दर वर्षी मी इथे येऊन थांबतो. यंदा जरा जास्त थांबलो, कारण टेबलावर ज्ञानेश्वरीशेजारी एक आठ पानी संमतीपत्र पडलंय आणि त्यावर सही करायची की नाही, हे ठरवायचंय.

आधी पार्श्वभूमी सांगतो. माझा रोजचा जप एका माळेचा, १०८ मण्यांचा. मेरुमण्याशी पोचलो की शंका यायची की मधला एखादा मणी निसटला का? एखादं नाम नुसतं तोंडातून गेलं का? मग परत पहिल्यापासून. दहा मिनिटांचा जप दीड तासावर गेला. पूजेआधी हात धुणं वेगळंच. सकाळचे ऑफिसचे कॉल चुकायला लागले. आई बाहेरून म्हणायची, अरे उरक की आता. आणि मी याला कितीतरी वर्षं भक्ती समजत होतो.

आपल्याकडे याला जुना शब्द आहे, मंत्रचळ. डॉक्टर ओसीडी म्हणतात. नको असलेला विचार घुसतो, जीव घाबरा होतो, ती भीती घालवायला माणूस एक कृती करतो, क्षणभर बरं वाटतं. त्या क्षणभराच्या बरं वाटण्यामुळेच मेंदू शिकतो की कृती केली म्हणूनच वाचलो. पुढच्या वेळी तो आणखी जोरात मागणी करतो. कोड लिहिणाऱ्यांना सांगायला नको, बाहेर पडायची अट कधीच पुरी न होणारा लूप आहे हा. उपचारात नेमकं उलटं करायचं असतं. माळ एकदाच ओढायची, शंका तशीच राहू द्यायची, परत सुरू करायचं नाही. पहिले पंधरा दिवस घाम फुटतो. सोबत गोळ्या, ज्यांचा गुण यायला कित्येक आठवडे लागतात. मी बराच सावरलोय, पूर्ण नाही. म्हणूनच डॉक्टरांनी एका संशोधन अभ्यासाबद्दल सांगितलं आणि कागद घरी वाचायला दिले.

आईनं ते पाहिले आणि एकच नाव घेतलं, चौथे शिवाजी महाराज. एकदा का मनाच्या आजाराचा शिक्का बसला की काय होतं ते कोल्हापूरकराला सांगावं लागत नाही, असं तिचं म्हणणं. बाहेरगावच्या वाचकांना मात्र सांगावं लागेल.

१८७० मध्ये कोल्हापूरचे राजाराम महाराज युरोपच्या प्रवासावरून परतताना इटलीत, फ्लॉरेन्सला वारले. वय अवघं वीस. आर्नो नदीकाठी त्यांना अग्नी दिला. तिथे त्यांची छत्री आहे आणि जवळच्या पुलालाही त्या भारतीय राजावरूनच नाव पडलंय. मूलबाळ नव्हतं. म्हणून १८७१ मध्ये भोसले घराण्यातलाच नारायणराव नावाचा मुलगा दत्तक घेतला आणि तो शिवाजी महाराज झाला. जन्म १८६३ चा, म्हणजे आठ वर्षांचं पोर. आपल्या मुलाला त्या वयात आपण एकट्याला रंकाळ्यावरही सोडत नाही.

राजा अज्ञान, त्यामुळे कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली. काय शिकायचं, कुणी सोबत राहायचं, कुठे जायचं, सगळं दुसऱ्यांनी ठरवायचं. वयात येता येता महाराजांचं मन ठीक नाही असं सरकारी कागदांत यायला लागलं. गावात वेगळंच बोललं जात होतं, की धडधाकट राजाला छळून वेडा ठरवताहेत. दिवाण होते रावबहादूर माधवराव बर्वे. पुण्यात १८८१ च्या जानेवारीत केसरी आणि मराठा निघाले होते. टिळक-आगरकरांनी महाराजांची बाजू घेऊन बर्व्यांवर झोड उठवली. त्यासाठी ज्या पत्रांचा आधार घेतला ती बनावट निघाली. बर्व्यांनी अब्रूनुकसानीचा खटला भरला, संपादकांनी माफी मागितली, तरी १८८२ च्या जुलैत दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून ते ऑक्टोबरात सुटले. आगरकरांनी त्यावर पुस्तकच लिहिलंय.

शाळेत आपण हा प्रसंग टिळक-आगरकरांच्या चरित्रात वाचतो. दोन तरुण संपादकांची पहिली तुरुंगवारी म्हणून. ज्याच्यासाठी ते आत गेले तो विशीतला पोरगा त्या धड्यात एका ओळीपुरता येतो. मला हे आता खटकतं, पूर्वी खटकलं नव्हतं.

त्याच १८८२ मध्ये महाराज राज्य करायला असमर्थ म्हणून कारभार कागलचे जयसिंगराव घाटगे यांच्याकडे, रीजंट म्हणून गेला. महाराजांना पुढे नगरच्या किल्ल्यात ठेवलं. राजवाडा गेला, अंबाबाई लांब राहिली, भाषा न कळणारे गोरे पहारेकरी भोवती. २५ डिसेंबर १८८३ ला ग्रीन नावाच्या सोल्जरशी त्यांची झटापट झाली आणि त्यात महाराज गेले. वीस वर्षांचे होते. फ्लॉरेन्सला गेलेल्या वडिलांचंही वय तेवढंच होतं, हे मी मघाशी लिहिलंच.

तीनच महिन्यांनी, १७ मार्च १८८४ ला, त्यांच्या राणीसाहेब आनंदीबाईंनी जयसिंगरावांचा मुलगा यशवंतराव दत्तक घेतला. तेच आपले शाहू महाराज. दसरा चौकातून जाताना आपण ज्यांना हात जोडतो ते या नगरच्या किल्ल्यात गेलेल्या राजाचे दत्तक पुत्र, हे आमच्या पिढीतल्या किती जणांना ठाऊक असेल?

तर आईची भीती खोटी नाही. पण मी संमतीपत्र वाचत गेलो तसं एक लक्षात आलं. महाराजांच्या गोष्टीत दिवाण आहे, गोरा साहेब आहे, संपादक आहेत, न्यायाधीश आहेत. त्यांचे मित्रसुद्धा त्यांच्या वतीनेच बोलले. त्यांना स्वतःला काय होत होतं ते कुणी मांडून ठेवलेलं सापडत नाही. आणि माझ्या हातातल्या कागदावर दुसऱ्या कुणाच्या सहीने कामच भागत नाही. आईच्याही नाही.

कागदात काय आहे ते लिहितो, कुणाच्या उपयोगी पडेल. माहिती मराठीत आहे आणि घरी नेऊन वाचायला वेळ दिलाय. कुठल्या गटात जाणार ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणार, मला निवडता येणार नाही. फायदा होईलच अशी हमी नाही, हे स्पष्ट लिहिलंय. (हमी देणारा कागद असता तर मी तिथेच फाडला असता.) मध्येच कधीही, कारण न सांगता बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. नैतिकता समितीचा फोन नंबर आहे. नोंदणी क्रमांकही आहे. तो सीटीआरआय या सरकारी नोंदवहीच्या वेबसाइटवर टाकून मी पडताळला. एकदाच! दुसऱ्यांदा पडताळायची लई इच्छा झाली, नाही केलं.

शिक्क्याचं म्हणाल तर २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की आजाराचं निदान झालं एवढ्यावरून कुणाला वेडा धरता येत नाही. संशोधनासाठी माणसाची समजून दिलेली संमती लागते, हेही त्यात आहे. लग्नाच्या बाजारात हा कायदा किती चालतो, हा आईचा पुढचा प्रश्न. त्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते मी तिला तसंच सांगितलं.

एक हिशोब मात्र डोक्यातून जात नाही. बर्लिनच्या वेस्टफालनी या आजाराचं नीट वर्णन केलं १८७७ मध्ये, तेव्हा आपले महाराज चौदा वर्षांचे होते. लंडनमध्ये व्हिक्टर मायरनी शंका राहू देण्याची उपचारपद्धत दोन रुग्णांवर करून पाहिली आणि ती प्रसिद्ध केली १९६६ मध्ये. मी माळ एकदाच ओढून उठतो ते त्या दोघांच्या जिवावर. त्यांची नावं मला माहीत नाहीत. कधीतरी कुणीतरी त्यांनाही विचारलं असेल आणि ते हो म्हणाले असतील.

तुमच्यापैकी कुणाला असा त्रास होत असेल तर आधी डॉक्टर गाठा, अभ्यासबिभ्यास नंतर. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

आज जप एकदाच केला. त्र्याहत्तराव्या मण्याशी काहीतरी गडबड झाली असं अजून वाटतंय. झाली असेल. सोमवारी अकराला जायचंय, आई सोबत येते म्हणाली. सही करायच्या आधी तिला डॉक्टरांना दोन प्रश्न विचारायचे आहेत, ते तिनं दूधवाल्याच्या बिलामागे लिहून ठेवलेत.